पाण्याची ओढ

सुटीत गावी आलो की रविवारचे मिस्साबलिदान आटोपल्यावर चर्चच्या आवारात एक प्रश्न हमखास आमची वाट पाहत असतो. "तुम्ही दोघं तिकडं म्हणे बर्फासारख्या पाण्यात बुड्या मारता! आपल्या वसईच्या समुद्रानं तुमचं काय घोडं मारलं होतं?" विचारणाऱ्यांत काकू-मावश्या असतात, शाळेतले जुने सोबती असतात आणि ज्यांचा उभा जन्म समुद्रावर गेला असे वडीलधारेही असतात. प्रश्न थट्टेचा असला तरी त्यामागची काळजी आम्हांला कळते. आजवर आम्ही हसून वेळ मारून नेत आलो. परंतु त्या थंड पाण्याने आम्हां उभयतांना एकदा जो धडा दिला तो केवळ पाणबुड्यांच्या उपयोगाचा नाही, असे वाटल्यावरून या पानांवर तो सविस्तर सांगावा म्हणतो.

आमच्यापैकी एकाचे घर होडीचे आणि दुसऱ्याचे वाडीचे. एका अंगणात जाळी वाळत, दुसऱ्या अंगणात केळीचे घड उतरत. समुद्र मात्र दोन्ही घरांच्या कानाशी होता. नोकरीच्या निमित्ताने कॅलिफोर्नियात गेलो, संसार मांडला, मुले मोठी होऊन आपापल्या वाटेला लागली. घर रिकामे वाटू लागले तेव्हा, चाळिशी उलटून गेल्यावर, आम्ही दोघांनी पाठीवर हवेचे सिलिंडर बांधून पाण्याखाली जाण्याचे रीतसर शिक्षण घेतले. त्या शिक्षणातला पहिलाच नियम असा, की पाण्याखाली एकट्याने जायचे नाही. प्रत्येकाचा एक जोडीदार ठरलेला असतो. त्याच्या हवेचा काटा आपण पाहायचा, आपला त्याने. एकाची हवा संपली तर दुसऱ्याच्या सिलिंडरमधून दोघांनी श्वास घेत वर यायचे. वेदीसमोर घेतलेल्या वचनाची ही पाण्याखालची आवृत्ती आहे, असे आम्ही तेव्हा गमतीने म्हणत असू. म्हणूनच हा लेखही दोघांनी मिळून लिहिला आहे.

आमची बुडी मारण्याची जागा म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या दक्षिणेस सुमारे 200 किलोमीटरवरचा कार्मेलचा उपसागर. नाव ऐकताच आपल्या लोकांचे कान टवकारतात, आणि ते योग्यच आहे. 1602 साली सेबास्तियान विस्काइनो या दर्यावर्दीची स्पॅनिश जहाजे या किनाऱ्यावर आली. त्यांच्यासोबत कार्मेल संघाचे व्रतस्थ होते. तेथील नदीला आणि पुढे गावाला लाभलेले नाव त्या संघाचेच. 1771 साली जुनिपेरो सेरा यांनी आपले मिशन मॉन्टेरेहून या नदीकाठी हलवले. 1784 साली ते तेथेच निवर्तले आणि तेथील चर्चमध्येच त्यांना पुरले. 2015 साली पोप फ्रान्सिस यांनी त्यांना संतपद दिले. गावाच्या दक्षिणेस, हमरस्त्याच्या एका अंगाला टेकडीवर कार्मेल संघाच्या भगिनींचा मठ आहे, आणि दुसऱ्या अंगाला अगदी समोर समुद्र. त्या मठावरून तेथील वाळूच्या पट्ट्याला 'मॉनेस्टरी बीच' म्हणतात. परंतु तेथे इतक्या लोकांचे प्राण गेले आहेत, की जाणत्या पाणबुड्यांच्या तोंडी त्या नावाचा अपभ्रंश रूढ झाला आहे. ते त्याला 'मॉर्च्युअरी बीच', म्हणजे शवागाराचा किनारा म्हणतात. गेलेल्यांपैकी कित्येकांनी बुडी मारलेलीच नव्हती. ते नुसते पाऊल भिजवायला पाण्याच्या कडेला उभे राहिले होते.

प्रथम थंडीविषयी. वसईला समुद्रात शिरले तर पाणी अंगाला कोमट लागते. कार्मेलला ते बहुधा 10 ते 13 अंश सेल्सियस असते, आणि नवल असे की कडक उन्हाच्या दिवसांतही ते फारसे तापत नाही. वसंतात व उन्हाळ्यात वायव्येचे वारे किनाऱ्याला समांतर वाहतात. पृथ्वीच्या फिरण्यामुळे वरचे पाणी किनाऱ्यापासून दूर लोटले जाते आणि त्याची जागा घ्यायला खोल तळाचे गार पाणी वर येते. पाणी हवेपेक्षा कितीतरी वेगाने देहाची ऊब ओढून घेते. म्हणून 7 मिलिमीटर जाडीचा रबरी वेटसूट, डोक्याला टोपरे, हातमोजे, पायमोजे असा सारा सरंजाम लागतो. त्या सुटातल्या हवेच्या बुडबुड्यांनी माणूस तरंगू लागतो, म्हणून कमरेला शिशाची वजने बांधावी लागतात. खोल गेल्यावर दाबाने तोच सूट चेपून पातळ होतो, तेव्हा ऊबही कमी आणि तरंगणेही कमी. पहिली पाच मिनिटे कपाळात कळ उठते. अर्ध्या तासाने बोटे आपली राहत नाहीत. साधे बक्कल उघडायला दोन-तीनदा झटावे लागते. थंडीत श्वास भराभर चालतो आणि हवा लवकर संपते. त्यातच 20 मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या तिप्पट असतो, म्हणून तेथला एक श्वास सिलिंडरमधली तिप्पट हवा खातो. याहून घातक गोष्ट अशी, की थंडी माणसाच्या विचारालाही मंद करते. आपण मंद झालो आहोत हे त्याला स्वतःला उमगत नाही. ते जोडीदाराने ओळखायचे असते.

मग जायचे तरी कशाला? त्याचे उत्तर एकदा खाली गेल्यावरच मिळते. तळाच्या त्या गार पाण्याबरोबर पोषक क्षार वर येतात आणि त्यांवर केल्प नावाचे अजस्र समुद्रशैवाल पोसते. खडकाला मुळांसारख्या वेटोळ्यांनी घट्ट धरून ते पृष्ठभागापर्यंत उभे चढते. अनुकूल दिवसांत ते दिवसाला फूटभरसुद्धा वाढते. त्याच्या प्रत्येक पानाच्या देठाशी वायूने भरलेला छोटा फुगा असतो, आणि त्या फुग्यांच्या बळावर ते अरण्य ताठ उभे राहते. त्याच्या शेंड्यांतून ऊन झिरपत खाली येते तेव्हा जुन्या चर्चच्या रंगीत खिडकीखाली उभे असल्यासारखे वाटते. वर समुद्री ऊदमांजरे अंगाभोवती केल्पची पट्टी गुंडाळून, पाठीवर निजलेली असतात. प्रवाहाने आपण वाहून जाऊ नये यासाठी ती त्यांची तजवीज. बाजूच्याच पॉइंट लोबोसच्या टोकाभोवतीचे पाणी 1960 सालापासून राखीव आहे. पाण्याखालच्या जीवांसाठी राखलेले ते अमेरिकेतले पहिले क्षेत्र. एकदा हे पाहिलेल्याला त्याची ओढ लागते. मराठीत ओढ हा शब्द मनालाही आहे आणि पाण्यालाही आहे. दोन्ही ओढी एकाच वेळी लागतात तेव्हा सावध राहणे कठीण जाते.

आता पाण्याच्या ओढीविषयी. लाट किनाऱ्याकडे येताना दिसते, पण तिच्यातले पाणी पुढे येत नाही. ते जागच्या जागी वर्तुळात फिरते. तळ जवळ आला की ते वर्तुळ चेपते आणि तळाशी पाणी नुसते पुढे-मागे सरकू लागते. यालाच पाणबुडे 'सर्ज' म्हणतात. आपण त्याला हेलकावा म्हणू. लाटेची ही हालचाल तिच्या लांबीच्या निम्म्या खोलीपर्यंत पोहोचते. दोन लाटांमध्ये 8 सेकंदांचे अंतर असेल तर खोल समुद्रात लाटेची लांबी सुमारे 100 मीटर भरते. हेच अंतर 16 सेकंदांचे झाले तर ती 400 मीटर होते, म्हणजे अंतर दुप्पट आणि लांबी चौपट. उत्तर पॅसिफिकमध्ये हजारो किलोमीटर दूर उठलेल्या वादळाच्या लाटा अशा लांबच लांब होऊन येतात. वरून पाहणाऱ्याला समुद्र शांत दिसतो आणि खाली 12 मीटरवर पाणी माणसाला 4 मीटर पुढे नेते, 8 सेकंदांनी तेवढेच मागे आणते. दोन खडकांमधल्या चिंचोळ्या वाटेत तर त्याचा जोर फारच वाढतो. त्याच्याशी झुंजायचे नसते. पाणी पुढे नेईल तेव्हा त्याच्यासोबत जावे, मागे ओढील तेव्हा खडकाला हात देऊन थांबावे. श्वास मात्र कधीच रोखू नये, कारण हेलकाव्याने नकळत वर उचलले गेल्यास छातीत कोंडलेली हवा फुगून फुप्फुसाला इजा करते. जो पाय मारीत राहतो त्याची हवा संपते आणि तो असतो तेथेच असतो.

मॉनेस्टरी बीचची गोष्ट आणखी वेगळी. त्या किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर समुद्राच्या तळाला एक दरी पडली आहे. ती कार्मेलची पाणदरी पुढे मॉन्टेरेच्या महादरीला मिळते, आणि त्या महादरीची खोली 3,000 मीटरहून अधिक आहे. इतर ठिकाणी उथळ तळाला घासत घासत लाट दमून येते. येथे ती दरीवरून न दमता येते आणि थेट वाळूवर फुटते. वाळू रवाळ, बाजरीच्या दाण्यांसारखी जाड. किनाऱ्याचा उतार इतका उभा, की पाय ठेवताच पोटरीपर्यंत रुततो आणि खालची वाळू सरकते. फुटलेले पाणी त्या उतारावरून परत जाताना माणसाचे पाय काढून घेते आणि पुढची लाट त्याच्या डोक्यावर आदळते. म्हणून जाणते लोक पट्ट्याच्या मधल्या भागात कधीच उतरत नाहीत. दोन्ही टोकांना, जेथे खडक आणि केल्प लाटेचा जोर मोडतात, तेथून उतरतात. तेही निदान वीस मिनिटे समुद्र न्याहाळून, कारण मोठ्या लाटा जथ्याने येतात आणि दोन जथ्यांमध्ये बराच वेळ समुद्र साळसूद असतो.

हे सारे आम्ही शिकलो होतो, आम्हांला ते तोंडपाठ होते. तरीही 2014 सालच्या नोव्हेंबरातील एका शनिवारी जे घडले ते घडलेच.

सकाळी आठच्या सुमारास आम्ही तेथे पोहोचलो. घरापासून दीड तासाचा रस्ता. सिलिंडर आदल्या दिवशी भरून घेतलेले, डब्यात जेवण, तीन आठवड्यांनी मिळालेली मोकळी सुटी. समुद्र आरशासारखा होता. गाडीतून उतरून आमच्यापैकी एकाने थोडा वेळ पाण्याकडे पाहिले आणि म्हटले, "आज नको."

"का?"

"सांगता येत नाही. मन घेत नाही."

दुसऱ्याने समुद्राकडे बोट दाखवले. एवढे शांत पाणी महिन्यात दिसले नव्हते. इतक्या दूर येऊन, पैसे भरून, कारण नसताना परत जायचे? पाच मिनिटे थांबून पाहू म्हणून आम्ही पाच मिनिटे थांबलो. एकही मोठी लाट आली नाही. "पाहा," दुसऱ्याने म्हटले. मग पहिल्याने पुढे काही न बोलता सूट चढवायला घेतला. आमच्या दोघांत कोणी नको म्हटले आणि कोणी ऐकले नाही, हे येथे सांगणार नाही असे आम्ही ठरवले आहे. वाचणाऱ्या प्रत्येक जोडप्याने आपापल्या घरचा अंदाज करावा. तो बहुधा चुकणार नाही.

उत्तरेच्या टोकाने आम्ही निर्विघ्न आत गेलो आणि केल्पच्या कडेने 12 मीटर खाली उतरलो. तळ दिसू लागताच कळले, की वरचा आरसा खोटा होता. सारे अरण्य एका बाजूला आडवे होत होते आणि मग सावकाश दुसऱ्या बाजूला. वाळू उठून पाणी ताकासारखे गढूळ झाले होते. पसरलेल्या हाताचा पंजासुद्धा धूसर दिसावा. एका हेलकाव्याने आम्हांला एकमेकांपासून उचलून वेगळे केले. एकाच्या हाती खडकाची कड लागली. दुसऱ्याला पाण्याने खडकांमधल्या घळीत लोटले, खांदा खडकावर आदळला, चेहऱ्यावरचा मास्क निम्मा पाण्याने भरला. पाण्याखाली हाक मारता येत नाही, ही गोष्ट त्या क्षणी जितकी समजली तितकी आधी कधी समजली नव्हती.

नियम असा, की जोडीदार दिसेनासा झाला तर एक मिनिट शोधायचे आणि मग सावकाश वर यायचे. दुसराही तेच करील यावर विश्वास ठेवून वर यायचे. ते एक मिनिट आम्ही दोघांनी वेगवेगळ्या जागी मोजले. साठ आकडे मोजताना एकाच्या मनात नुसती जपमाळेतली प्रार्थना चालली होती, दुसऱ्याच्या मनात सकाळचे ते दोन शब्द. वर आलो तेव्हा एकमेकांची डोकी दिसली. आमच्यामध्ये फार तर तीस मीटरचे पाणी होते. ते कापून एकमेकांचा हात धरेपर्यंत आम्ही दोघे काहीच बोललो नाही.

संकट मात्र टळले नव्हते. किनाऱ्याला समांतर जाणाऱ्या प्रवाहाने तेवढ्या वेळात आम्हांला पट्ट्याच्या मध्यावर आणून सोडले होते, आणि लाटांचा जथा आता सुरू झाला होता. शहाणपणाचे हे होते, की मागे फिरून केल्पपर्यंत पोहत जावे, तेथे दम घ्यावा आणि टोकाकडून बाहेर पडावे. पण बोटे बधिर झाली होती, काटा खाली आला होता आणि वाळू अगदी समोर दिसत होती. आम्ही सरळ किनाऱ्याकडे निघालो. थंडीने विचार मंद होतो असे वर लिहिले आहे, ते असे.

पहिल्या लाटेने दोघांना आपटले. आम्ही शिकलो होतो त्याप्रमाणे तोंडातला रेग्युलेटर काढला नव्हता, म्हणून आज हे लिहीत आहोत. एकाने हातापायांवर रांगत, वाळूत बोटे रोवत कशीबशी उताराची कड गाठली. येथे उभे राहायचे नसते. पाठीवरच्या ओझ्यासह उभा राहणारा हमखास पडतो. दुसऱ्याला परतीच्या पाण्याने मागे ओढले. पुन्हा लाट आली, पुन्हा वाळूवर आणले, पुन्हा ओढून नेले. असे तीनदा झाले. कड गाठलेल्याने मागे वळून पाण्यात जाण्यासाठी पाऊल टाकले, तेवढ्यात किनाऱ्यावर सामान लावीत असलेल्या एका अनोळखी पाणबुड्याने दंड धरून थांबवले. लाट परतण्याची वेळ साधून तो स्वतः खाली धावला, सिलिंडरच्या मानेला धरून त्याने त्या देहाला फरफटत वर आणले. खांदा सुजला होता, गुडघे सोलले होते, मास्क वाहून गेला होता. नाकातोंडात वाळू होती. जीव होता. त्या भल्या माणसाचे नाव विचारण्याचेही भान आम्हांला राहिले नाही. त्याने आपले सामान गोळा केले आणि तो गाडीकडे निघून गेला. त्यानेही त्या दिवशी बुडी मारली नाही.

कपडे बदलून आम्ही रस्ता ओलांडला आणि मठाच्या प्रार्थनामंदिरात जाऊन बसलो. केसांतून मानेवर पाणी ओघळत होते. आत कोणी नव्हते. बराच वेळ गेल्यावर एकाने म्हटले, "सकाळी ऐकायला हवं होतं." दुसऱ्याने म्हटले, "नको म्हणून मग गप्प बसायला नको होतं." यापलीकडे त्या विषयावर आमच्यात भांडण झाले नाही, आणि आजतागायत झालेले नाही.

त्या दिवसाचा आम्ही पुष्कळ विचार केला. हेलकावा, प्रवाह, थंडी ही तिन्ही तेथे पूर्वीपासून होती आणि आजही आहेत. त्यांच्या मनात आमच्याविषयी वैर नव्हते. आमची चूक पाण्यात शिरण्यापूर्वी, कोरड्या वाळूवर, गाडीच्या उघड्या दारापाशी झाली होती. पाणबुड्यांत आणखी एक नियम आहे. दोघांपैकी कोणीही, कोणत्याही क्षणी बुडी रद्द करू शकतो. कारण सांगण्याचे बंधन त्याच्यावर नाही आणि कारण विचारण्याचा अधिकार दुसऱ्याला नाही. शिकताना हा नियम आम्हांला थोडा बालिश वाटला होता. आता त्याचे मर्म कळते. समुद्राची खूण कित्येकदा मनाला आधी कळते आणि तिला शब्द मागाहून सापडतात. शब्द सापडेपर्यंत थांबायचे तर उशीर होतो. शिवाय कारण मागितले की वाद होतो, आणि वादात जो बोलका तो जिंकतो. पाणी कोणाचा युक्तिवाद ऐकत नाही.

तेव्हापासून आमच्यात 'नको' हा शब्द शेवटचा ठरला आहे. सारी तयारी करून, दीड तास गाडी हाकून, समुद्र पाहून आम्ही कितीदा तरी परत फिरलो आहोत. अशा वेळी गावात जाऊन गरम सूप घेतो आणि घरी येतो. बुडी मारतो तेव्हा आता वीस मिनिटे म्हणजे घड्याळातली वीस मिनिटे थांबतो. प्रवाह असेल तर आधी त्याच्या विरुद्ध दिशेने जातो, म्हणजे दमलेल्या अंगाने परतताना तो आपल्याला घराकडे आणतो. हवा निम्मी होण्यापूर्वीच परतीला लागतो. आमच्या बुड्या संख्येने कमी झाल्या, पण त्यांतला आनंद उणावला नाही.

हे सांगताना होडीच्या घरच्या आजोबांची आठवण येते. मिरग जवळ आला की ते होडी वर ओढून झावळ्यांनी शाकारून ठेवीत. मग पाऊस ओसरेपर्यंत कितीही उघडीप पडो, होडी जागची हलत नसे. आता तर पावसाळ्यातल्या मासेमारी-बंदीचा सरकारी नियमही आहे, पण त्यांचा नियम त्याहून जुना होता. एरवीच्या दिवसांतही एखाद्या पहाटे ते वल्हे खांद्यावर टाकून बंदरापर्यंत जात, वाऱ्याला तोंड देऊन उभे राहत आणि तसेच माघारी येत. आजी त्यांना दारात पाहून चहाचे आधण ठेवी. काय झाले, का परतलात, असे तिने कधी विचारल्याचे आम्हांला आठवत नाही. ज्या दिवशी मासळी नाही त्या दिवशी घरात काय शिजणार ही चिंता तिला नसेल असे नाही. पण तिने विचारले असते, तर पुढच्या खेपेस ते कदाचित परतले नसते. पाणबुड्यांचा जो नियम आम्ही परदेशी पैसे मोजून शिकलो, तो आमच्या घरात चुलीपाशी पाळला जात होता. आम्ही तो ओळखला नाही, इतकेच.

म्हणून गावच्या तरुण मंडळींना एक विनंती. पावसाळ्यात सहलीला समुद्रावर गेलात तर कार्मेलची थंडी तेथे नसेल, पण ओढ तीच असते. फुटलेल्या लाटांचे पाणी एखाद्या वाटेने जोराने समुद्राकडे परतते. त्या वाटेवर लाटा कमी फुटतात, म्हणून नेमकी तीच जागा सुरक्षित वाटते. त्या ओढीत सापडलात तर किनाऱ्याकडे तोंड करून झुंजू नका. अंग सैल सोडून तरंगा, हात उंचावून मदत मागा, आणि बळ असेल तर किनाऱ्याला समांतर पोहत त्या वाटेतून बाहेर पडा. बुडणाऱ्याला वाचवायला रिकाम्या हाताने उडी घेऊ नका. दोर, रिकामा डबा, ट्यूब, जे तरंगेल ते त्याच्याकडे फेका. आमच्या बाबतीत कड गाठलेल्याचा दंड कोणी धरला नसता, तर त्या दिवशी एकाऐवजी दोघे पाण्यात असते. आणि तुमच्या टोळक्यातला कोणी काठावर उभा राहून "आज नको" म्हणाला, तर त्याला भित्रा म्हणू नका. त्याच्या सोबतीने काठावर बसा.

येत्या शनिवारी आम्ही पुन्हा कार्मेलला जाणार आहोत. सिलिंडर भरून ठेवले आहेत. पाण्यात उतरू की नाही, ते तेथे वीस मिनिटे बसल्यावर ठरेल.